एक दिवसाचा पास आणि डोंबिवलीचा नियम

कानात हेडफोन लावून लोकलमध्ये लटकलेल्या, जिममध्ये ट्रेडमिलवर धापा टाकणाऱ्या आणि ऑफिसात मीटिंग म्यूट करून हे ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा एपिसोड जपानच्या रेल्वे पासबद्दल आहे. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. ओसाकात राहून आजूबाजूची शहरं एका दिवसात बघायची, तर तो एक दिवसाचा पास घ्यावा का? परवडतो का?

उत्तर हिशेबासकट देतो. पण त्या पासाच्या नादात मी एक मोठी चूक केली, अकरा मिनिटं माझ्या पायाखालची जमीन सरकली होती, तेही सांगणार आहे. कारण ते सांगितलं नाही तर हिशेब अर्धाच राहील.

तर, २०२४ चा एप्रिल, पहिला आठवडा. साकुरा फुललेला. मी आणि आई, दोघंच. आई फेब्रुवारीत बँकेतून रिटायर झाली. एकतीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी, सकाळची फास्ट, संध्याकाळची फास्ट. मी ठरवलं होतं की रिटायर झाली की तिला परदेशात न्यायचं. ती म्हणाली, "कुठेही ने, पण टूर कंपनीबरोबर नको. ते लोक पळवतात." हे वाक्य लक्षात ठेवा.

मुक्काम ओसाकात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ओसाका मध्यभागी. पूर्वेकडे साधारण अर्ध्या तासावर क्योतो. दुसऱ्या बाजूला पश्चिमेला वीस-बावीस मिनिटांवर कोबे, आणि त्याच लाइनवर पुढे, ओसाकापासून तासाभरावर हिमेजी, जिथे तो प्रसिद्ध पांढरा किल्ला आहे. आणि क्योतोच्या दक्षिणेला नारा, हरणांचं गाव. ही सगळी शहरं जेआर वेस्टच्या साध्या गाड्यांनी जोडलेली आहेत. त्यातली राणी म्हणजे 'शिन-कैसोकु', आपल्या भाषेत सुपरफास्ट लोकल. ताशी १३० किलोमीटरपर्यंत पळते आणि त्यासाठी एक येनही जास्त द्यावा लागत नाही. साध्या तिकिटावर बसा.

पासाचं नाव 'कान्साई एरिया पास'. तेव्हा एका दिवसाचे २,८०० येन, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. हा फक्त परदेशी पर्यटकांसाठी आहे, म्हणून पासपोर्ट लागतो. ऑनलाइन बुक करायचा आणि स्टेशनवर पासपोर्ट दाखवून छोटं कागदी तिकीट घ्यायचं. ते गेटमध्ये एका बाजूने घालायचं, दुसऱ्या बाजूने उचलायचं. उचलायला विसरू नका, खूप जण विसरतात.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, 'एक दिवस' म्हणजे २४ तास नाही, तर ती तारीख. दुपारी दोनला सुरू केलात तर अर्धा दिवस गेला. दोन, शिनकान्सेन यात येत नाही. हिमेजीला शिनकान्सेन थांबते, दिसायला देखणी असते, मोह होतो. पण या पासावर नाही. आणि हांक्यू, हानशिन, किन्तेत्सु वगैरे खासगी कंपन्यांची स्टेशनं वेगळी, गेट वेगळी. तिथे हा पास थेट घालून चालत नाही.

आता हिशेब. सगळे दर त्या एप्रिलमधले आहेत, जाण्याआधी ताजे बघून घ्या.

ओसाका ते हिमेजी १,५२० येन. जाऊन-येऊन ३,०४०. म्हणजे फक्त हिमेजीला जाऊन परत आलात तरी २,८०० वसूल. विषय संपला.

आता दुसरा, सगळ्यांचा लाडका त्रिकोण घ्या. ओसाका ते क्योतो ५८०, क्योतो ते नारा ७२०, नारा ते ओसाका ८२०. बेरीज २,१२०. म्हणजे तीन शहरं फिरूनही पास तोट्यात! आणि खासगी लाइन घेतली तर अजून स्वस्त. हांक्यूने ओसाका-उमेदा ते क्योतो ४१० येन, किन्तेत्सुने ओसाका-नाम्बा ते नारा ६८०. शिवाय किन्तेत्सुचं नारा स्टेशन हरणांच्या बागेच्या जवळ आहे. जेआरचं स्टेशन लांब पडतं, वीसेक मिनिटं चालावं लागतं.

म्हणून नियम सोपा. पास परवडतो तो शहरांच्या संख्येवर नाही, अंतरावर. हिमेजी प्लॅनमध्ये असेल तर घ्या. नुसतं क्योतो-नारा असेल तर सुटी तिकिटं काढा.

इथे एपिसोड संपायला हवा होता. पण मी इंजिनियर आहे ना.

मी काय केलं? मला वाटलं, हिमेजीने पास वसूल होतोच आहे, मग त्याच्या पुढचं सगळं फुकट! एक्सेल शीट उघडली. सकाळी साडेसातची गाडी, नऊला किल्ला उघडतो तेव्हा दारात. एकला कोबे. अडीचला फुशिमी इनारी, म्हणजे त्या हजारो लाल तोरी. साडेचारच्या आत नारा, कारण तोदाइजीचं मंदिर साडेपाचला बंद. रात्री ओसाका. सुट्या तिकिटांची किंमत पाच हजार येनच्या पुढे, आणि आपण देणार २,८००. आदल्या रात्री आईला शीट दाखवली. प्रत्येक गाडीला वेगळा रंग. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे. यात जेवण कुठल्या रंगात आहे?"

मी म्हटलं, गाडीत खाऊ.

सकाळची गाडी मस्त. आईला खिडकी मिळाली. तिथल्या सीटची पाठ सरकवून दिशा बदलता येते, म्हणजे समोरासमोर बसा नाहीतर गाडीच्या दिशेने. आईने ते दोनदा करून बघितलं आणि म्हणाली, "आपल्याकडे यावरून मारामाऱ्या होतील." कोबे गेलं की थोड्या वेळाने डावीकडे एकदम समुद्र येतो. रुळाच्या अगदी कडेला. मग माइको स्टेशनजवळ आकाशी काइक्यो पूल, गाडी त्याच्या खालून जाते. १९९८ साली सुरू झाला, मधला गाळा १,९९१ मीटरचा. खरं तर १,९९० चा ठरला होता, पण काम चालू असताना जानेवारी १९९५ चा कोबेचा भूकंप झाला, जमीन सरकली आणि मनोऱ्यांमधलं अंतर जवळपास मीटरभर वाढलं. इंजिनियर लोकांनी डिझाइन जुळवून घेतलं आणि पूल पूर्ण केला. मी हे सगळं आईला सांगत होतो. ती म्हणाली, "एक मिनिट गप्प बस. समुद्र बघू दे."

हिमेजीला स्टेशनच्या बाहेर आलात की सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला. पंधरा-वीस मिनिटं चाला, हरवायचा प्रश्नच नाही. आजचा मुख्य बुरुज १६०९ चा, आणि १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. पांढरा रंग म्हणून त्याला बगळ्याचा किल्ला म्हणतात. आत बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि लाकडी जिने चढायचे. जिने म्हणजे शिडीच समजा. वर जाताना जिने अजून उभे होत जातात. आईचा डावा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. शीटमध्ये गुडघ्याचा कॉलम नव्हता.

ती चढली. प्रत्येक मजल्यावर थांबत, पण चढली. खाली उतरल्यावर बागेत एक बाक दिसला, समोर फुललेली झाडं. ती म्हणाली, "इथे जरा बसूया." मी घड्याळ बघितलं. "आई, बारा दहाची गाडी आहे." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू मला फिरायला आणलंयस की ड्यूटीवर?"

मी हसलो. आणि आम्ही निघालो.

गाडीत ती डोळे मिटून बसली. मी फोनमध्ये पुढचं बघत होतो. शीटमध्ये लिहिलं होतं 'कोबे'. अनाउन्समेंट झाली, कोबे. मी उठलो, "चल आई, आलं," म्हणत दाराकडे गेलो आणि प्लॅटफॉर्मवर उतरलो. उतरल्या उतरल्या नकाशावर बघतो तर शहराचा मुख्य गजबजलेला भाग इथे नाही, पुढच्या स्टेशनवर, सान्नोमियाला. हे तुम्हीही लक्षात ठेवा. कोबे फिरायचं असेल तर शक्यतो 'कोबे' नावाच्या स्टेशनवर उतरायचं नाही, सान्नोमियाला उतरायचं.

मी वळून ओरडलो, "आई, उतरू नकोस!"

आई दारातच होती. एक पाय बाहेर टाकणार होती. माझं ऐकून थांबली. आणि दार बंद झालं.

आत ती. बाहेर मी. गाडी निघाली.

तिच्या फोनमध्ये सिम नव्हतं. एक ई-सिम आपल्या दोघांत पुरे, हॉटेलला वायफाय आहेच, असं ठरवून मी चाळीसेक डॉलर वाचवले होते. तिचा पास माझ्या पाकिटात होता, हरवेल म्हणून. पासपोर्ट तेवढा तिच्या पर्समध्ये. तिला जपानी येत नाही. इंग्रजी वाचते, पण बोलायची वेळ आली की बावरते. आणि हॉटेलचं नाव? मला खात्री होती की तिला ते पाठ नाही.

तुम्हाला सांगतो, प्रॉडक्शन सर्व्हर रात्री दोनला पडलेला मी बघितलाय. ती भीती वेगळी. ही भीती म्हणजे अंगातून कोणीतरी सगळं पाणी काढून घेतल्यासारखं झालं. ती कुठे उतरेल? सान्नोमियाला की झोपेच्या भरात पुढे जाईल? शिन-कैसोकु थेट क्योतोच्याही पुढे जाते. ती परत फिरून कोबेला आली आणि मी पुढे गेलो तर? मी इथेच थांबू की जाऊ?

प्लॅटफॉर्मवर युनिफॉर्ममधले एक कर्मचारी होते. मी ट्रान्सलेटरमध्ये टाइप केलं, "आई गाडीत, मी इथे." त्यांनी वाचलं, वर बघितलं, एकच बोट दाखवून विचारलं, "वन पर्सन?" मग माझ्या शर्टाला हात लावून खुणेने विचारलं, कपडे कोणत्या रंगाचे? मी फोनमधला सकाळचा फोटो दाखवला. निळा पंजाबी ड्रेस, जांभळा स्वेटर, पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांनी फोन उचलला आणि बोलायला लागले. मला हाताने खूण केली, पुढच्या गाडीने जा.

पुढची गाडी साधी लोकल होती. कोबे, मोतोमाची, सान्नोमिया. दोनच स्टेशनं. मला ती डोंबिवली ते कसारा वाटली.

आणि त्या गाडीत उभा असताना मला अचानक आठवलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. आईबरोबर दादरला जाताना दरवेळी गाडीत चढायच्या आधी ती माझ्याकडून घोकून घ्यायची. "चुकामूक झाली तर?" मी म्हणायचो, "पुढच्या स्टेशनला उतरायचं." "आणि?" "जिथे उतरलो तिथेच उभं राहायचं." "आणि?" "तुला शोधायला जायचं नाही. तू येशील."

सान्नोमियाला दार उघडलं. मी उतरलो. प्लॅटफॉर्म लांबलचक, दुपारची गर्दी. मी धावत सुटलो. आणि अर्ध्यावर, एका खांबाला टेकून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आई उभी. तिच्या शेजारी एक कर्मचारी बाई, तिच्याइतकीच शांत.

आई म्हणाली, "आलास? किती वेळ लावलास."

मला बोलताच येईना. ती म्हणाली, "अरे, पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि तिथेच थांबायचं. तुला शिकवलं होतं ना?" मग त्या बाईंकडे वळून, मराठीतच, "हा माझा मुलगा." त्या बाईंनी वाकून नमस्कार केला. आईनेही हात जोडले.

नंतर मला कळलं की गणितात यावर चक्क संशोधन आहे. दोन माणसं एकमेकांपासून हरवली, बोलायचं साधन नाही, तर लवकरात लवकर कशी भेटतील? याला 'रांदेव्हू प्रॉब्लेम' म्हणतात. स्टीव्ह अल्पर्न नावाच्या गणितज्ञाचं यात मोठं काम आहे. दोघंही शोधत फिरले तर एकमेकांना चुकवत राहण्याची भीती असते. म्हणून एक साधी चाल अशी की एकाने जागच्या जागी थांबायचं आणि दुसऱ्याने शोधायचं. या चालीचं इंग्रजीतलं नाव काय माहितीय? 'वेट फॉर मम्मी'. खरंच. पण ती चाल चालायला कोण थांबणार आणि कोण शोधणार, हे आधी ठरलेलं लागतं. आमच्यात ते वीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. फक्त आता जागा बदलल्या होत्या.

मी आईला म्हटलं, "आपण आता सरळ हॉटेलवर जाऊ."

ती म्हणाली, "हॉटेलवर कशाला? पास आहे ना दिवसभराचा? सकाळी तो समुद्र दिसला होता, तिथे उतरता येतं का?"

बघितलं तर येतं. त्या स्टेशनचं नाव सुमा. शिन-कैसोकु तिथे थांबत नाही, लोकल थांबते. सान्नोमियाहून उलट दिशेला पंधराएक मिनिटं. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर वाळूच. आम्ही आलो त्याच रस्त्याने उलटे गेलो. माझ्या शीटमध्ये हे कुठल्याच रंगात बसत नव्हतं.

वाळूत बसलो. आईने पर्समधून डबा काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, घरून आणलेली, चार दिवस पुरवून ठेवलेली. जेवण त्या रंगात होतं. वारा होता, जहाजं हळूहळू चालली होती. पश्चिमेला लांबवर तो पूल दिसत होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकतीस वर्षांत मला खिडकी कितीतरी वेळा मिळाली असेल. पण मिळाली की मी झोपायचे. आज पहिल्यांदा गाडीतून बाहेर बघितलं. तेही अर्धंच, तू पुलाचे मीटर मोजत होतास."

आम्ही तिथे साडेतीन तास बसलो. फुशिमी इनारी नाही, नारा नाही, काही नाही. संध्याकाळी ओसाकाला परत. आणि पास? तसाही हिमेजीलाच वसूल झालेला.

म्हणजे चूक कुठे झाली? मी ऑप्टिमायझेशन नीट केलं होतं, पण चुकीच्या गोष्टीचं. मी एका येनमागे जास्तीत जास्त शहरं काढत होतो. आणि ती शीट बनवणारा मी म्हणजे तीच टूर कंपनी, जी आईला नको होती. पळवणारी.

पासाची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. तिकीट घेतलेलं असेल तर आपण ठरलेल्या स्टेशनलाच जातो, कारण पैसे दिलेले असतात. पास असेल तर मन बदलायला पैसे पडत नाहीत. समुद्र आवडला, उतरा. गुडघा दुखतोय, एक गाडी सोडा, पंधरा मिनिटांत दुसरी येते. चुकीच्या दिशेला जा, परत या. मी त्याला भरायचं पोतं समजलो होतो. तो होता मोकळीक.

नाराला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. किन्तेत्सुने, ६८० येन, फक्त नारा. हरणांची बिस्किटं २०० येनला मिळतात. ती हरणं मान खाली वाकवून मागतात आणि नाही दिली तर कपडे ओढतात. आईची ओढणी ओढली. तोदाइजीत १५ मीटरची बुद्धमूर्ती आहे. इसवी सन ७५२ मध्ये तिच्या डोळ्यांत प्राण भरायचा सोहळा झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्खूच्या हातून. आई मूर्तीसमोर किती वेळ उभी होती मी मोजलं नाही. मुद्दामच.

तर जाता जाता, माझ्या चुकांमधून निघालेली यादी. हिमेजी असेल तरच एक दिवसाचा पास. त्याच दिवशी हिमेजी अधिक एक जागा, बस. किल्ल्यात शेवटचा प्रवेश दुपारी चारला, म्हणून सकाळी हिमेजी आधी करा. ज्याचा पास त्याच्याच पर्समध्ये. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःचं सिम, इथे कंजुसी नको. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात. दारात उभं राहून नकाशा बघायचा नाही. आणि घरून निघायच्या आधी, आई-बाबा असोत, मित्र असोत, बायको असो, एकदा घोकून घ्या. चुकामूक झाली तर?

पुढच्या स्टेशनला उतरायचं. उतरलो तिथेच थांबायचं. शोधायला एकानेच यायचं.

बाय द वे, हॉटेलचं नाव. त्या रात्री मी आईला सहज विचारलं, आठवतंय का? तिने नाव सांगितलं, रूम नंबर सांगितला, आणि जवळच्या मेट्रो स्टेशनचा एक्झिट नंबरही. म्हणाली, "पहिल्या दिवशीच लिहून ठेवलंय. तुझ्यावर काय भरवसा?"

भेटू पुढच्या एपिसोडला. गाडीत असाल तर फोन खिशात टाका आणि एक-दोन स्टेशनं बाहेर बघा. काळजी घ्या.